मुदत संपलेल्या देण्यांचे वकील

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे ट्रकने येत होते. कार्यालयांना जागा नव्हत्या, आणि भाड्याच्या घरांवर टांगलेल्या सरकारी पाट्यांचा रंग अजून हाताला लागत होता. त्याच सुमारास मी लग्न होऊन नांदेडहून लातूरला आले. वकिलीची सनद नवी, शाळा सगळी कॉन्व्हेंटची आणि कोर्टातलं मराठी कानाला परकं. एका सकाळी सासऱ्यांनी मला अ‍ॅड. काशिनाथअण्णा हालगे यांच्या कार्यालयात नेऊन सोडलं. अण्णा तेव्हा पस्तिशीचे असतील. ते खुर्चीवर नव्हते. दाराशी उभे राहून निलंग्याहून आलेल्या दोन पक्षकारांना घागरीतलं पाणी तांब्याने देत होते. त्या उन्हाळ्यात नळाचा काही भरवसा नव्हता.

“नांदेडच्या का?” त्यांनी विचारलं. “तुमच्याकडं गोदावरी हाय. आमच्याकडं घागर हाय. बसा.”

ही आमची पहिली ओळख. आता त्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथासाठी लिहायला बसले, तर मोठे खटले आणि मानाची पदं आठवण्याआधी असंच काहीबाही आठवतं. वाचकांनी ते गोड मानून घ्यावं.

पहिल्याच आठवड्यात अण्णांनी मला एका कैफियतीचा, म्हणजे दाव्याला द्यायच्या उत्तराचा, मसुदा लिहायला दिला. रात्रभर कोश चाळून मी तो लिहिला. त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, “बाई, मराठी चांगलं हाय, पण लई इस्त्री केलेलं हाय. पक्षकाराला आपलंच म्हणणं वळखू आलं पाहिजे. जरा चुरगाळा.” पुढे कितीतरी वर्षं मी काही लिहून नेलं की ते वर न पाहताच विचारीत, “चुरगाळलं का?”

अण्णांचं नाव लातूर आणि उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांत झालं ते जुन्या उधारीच्या कामांमुळे. त्या कामात प्रतिष्ठा नाही आणि पैसा तर नाहीच. शिलाई यंत्र, सायकल, ट्रान्झिस्टर, लग्नातली भांडी अशा हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूंची राहिलेली बाकी, आणि तिच्या तगाद्याने पिचलेली माणसं. कायदा तसा सरळ आहे. अशा बाकीसाठी दावा लावायचा तर तो साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. त्या मुदतीत देणाऱ्याने बाकी मान्य असल्याची लेखी सही दिली, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. मुदत संपल्यावर मात्र न्यायालय दावा ऐकत नाही. देणाऱ्याने हरकत घेतली नाही तरी न्यायाधीशांनी तो आपणहून फेटाळायचा असतो. पण इतकं होऊनही एखाद्याने ‘हे पैसे मी देईन’ असं नव्याने लिहून खाली सही केली, तर तो नवा करार ठरतो आणि निजलेलं देणं उठून बसतं. म्हणून पक्षकार आला की अण्णा आधी पाणी देत आणि मग एकच प्रश्न विचारत: “शेवटची सही कवा केली?” कहाणी त्यानंतर.

मला हा कायदा सुरुवातीला थोडा लबाड वाटायचा. घेतलं ते द्यावं, असं सिस्टरांनी शिकवलेलं. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, “देणं खोटं ठरत न्हाई, बाई. कायदा फकस्त एवढंच म्हणतो की आता दोघंबी दमलात, कोर्टाच्या पायऱ्या सोडा, घरी जा. दमणं कायद्याला मान्य हाय. सावकाराला न्हाई.”

आमच्या शाळेच्या रोजच्या प्रार्थनेत देणेकऱ्यांना सोडून देण्याबद्दलची एक ओळ होती. आम्ही मुली ती इंग्रजीत, डोळे मिटून, न समजता म्हणत असू. तिचा अर्थ मला लातूरच्या त्या कार्यालयात कळला, असं म्हटलं तर सिस्टरांना वाईट वाटू नये.

अण्णांची ही दृष्टी पुस्तकातून आलेली नव्हती. ते उदगीरच्या कापडदुकानदाराचे चिरंजीव. दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, दुकानात गिऱ्हाइकांना बोलावणं जाई. वहीची पूजा होई. गिऱ्हाईक गादीवर बसे, पान-सुपारी घेई आणि मागच्या बाकीखाली सही करी. तो मानाचा रिवाज होता, आणि त्याच सहीने दुकानदाराची तीन वर्षं नवी होत. बहात्तरच्या दुष्काळात अप्पांनी पाडव्याची बोलावणी पाठवलीच नाहीत. अण्णा तेव्हा कायद्याचे विद्यार्थी. त्यांनी वडिलांना सांगितलं की यंदा सह्या घेतल्या नाहीत तर बरीचशी उधारी मुदतीबाहेर जाईल. अप्पा म्हणाले, “दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या माणसाला पान देऊन सही घेऊ व्हय? पानाला काय वाटंल?” उधारी गेली, दुकान अर्ध्यावर आलं. अण्णा हे सांगताना वडिलांचा मोठेपणा सांगत नसत. “अप्पाला हिशोब येत न्हवता असं न्हाई,” एवढंच म्हणत आणि पुढच्या पक्षकाराकडे वळत.

आता सुगंधाबाईंविषयी लिहायला हवं. अण्णा काय आहेत हे मला त्यांच्या कामात जितकं कळलं तितकं दुसऱ्या कशात कळलं नाही.

सुगंधाबाई निलंग्याच्या. बौद्ध कुटुंबातल्या, घरी जमीन नाही. दुष्काळाच्या आदल्या वर्षी त्यांनी नांदेडच्या एका दुकानातून हप्त्यांवर शिलाई यंत्र घेतलं. काही हप्ते दिले. मग दुष्काळ पडला. ज्यांना सरकारी वाटपाची सुकडी खाऊन दिवस काढायचे होते, ते झंपर कशाला शिवतील? हप्ते थांबले. दुकानदाराचा माणूस एक-दोनदा आला आणि यायचा थांबला. पुढे नवरा वारला, यंत्र विकलं. नवा जिल्हा झाला तेव्हा सुगंधाबाईंना लातूरच्या एका सरकारी कार्यालयात शिपायाची जागा मिळाली. तात्पुरती होती. कायम होण्याचा कागद वर गेलेला होता. मुलगी शाळेत. त्या कागदावर सगळं घर उभं राहायचं होतं.

नव्या जिल्ह्यात पगारी माणसं आली, तशी त्यांच्या मागे जुनी उधारीही आली. नांदेडच्या त्या दुकानाने लातूरला शाखा काढली आणि दुष्काळातल्या बाक्या उकरायला सुरुवात केली. दावे लावून उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना नव्या सह्या हव्या होत्या. वसुलीचा माणूस सुगंधाबाईंच्या कार्यालयाच्या आवारात येऊन बसू लागला. तो आवाज चढवत नसे. साहेबांच्या दाराकडे बघत बसे, एवढंच. शेवटी तो म्हणाला, “पाडव्याला दुकानात या बाई. शेटजींनी मानानं बोलावलंय. पान-सुपारी घ्या, नव्या कागदावर सही करा, विषय मिटला.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुगंधाबाई अण्णांकडे आल्या.

“जयभीम साहेब.”

“जयभीम. पाणी घ्या. शेवटची सही कवा केली?”

“यंत्र घेताना. पुन्हा न्हाई.”

“मग करू नका. दावा कवाच मेलाय. जगवायला त्यांना तुमचाच हात लागतो.”

सुगंधाबाईंनी मान हलवली, पण उठल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मला वाटलं कायदा समजला नाही, म्हणून मी पुन्हा समजावू लागले. त्यांनी मला थांबवलं.

“समजलं, वकीलबाई. सही न्हाई करायची. पण जाऊ का नको, ते सांगा.”

“जायचंच कशाला?” मी म्हणाले. “तुमच्यात दिवाळीही नसते.”

“दिवाळी न्हाई आमच्यात. पण माझा सासरा दुकानाच्या पायरीखाली उभा राहून कापड मागायचा. पैसे खाली ठेवायचा. मालक पाणी शिंपडून उचलायचा. आज मला गादीवर बसवून पान द्यायलेत.” त्या थोडं हसल्या. “कशासाठी द्यायलेत ते कळतंय की मला. तरी जावं वाटतंय.”

अण्णांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, “मग पान सोडायचं न्हाई. सही सोडायची. मी येतो संगट.”

पाडव्याला आम्ही तिघं लातूरच्या त्या शाखेत गेलो. मला अण्णांनी मुद्दाम नेलं, “कायद्याच्या पुस्तकात नसलेला धडा हाय,” म्हणून. दुकानात झेंडूची तोरणं होती. शेटजी हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी सुगंधाबाईंना खरोखरच गादीवर बसवलं. चांदीच्या तबकातून पान पुढे केलं. सुगंधाबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि लगेच तोंडात घातलं. मग शेटजींनी कागद पुढे सरकवला. सहीच्या जागी महसुली तिकीट आधीच चिकटवलेलं होतं. रक्कम यंत्राच्या किमतीहून कितीतरी मोठी.

“इथं फक्त सही. बाकी आम्ही बघतो.”

सुगंधाबाईंनी कागदाला हात लावला नाही. कमरेची पिशवी सोडली, नोटा काढल्या आणि गादीवर ठेवल्या. हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

“यंत्राचे राहिलेले एवढे,” त्या म्हणाल्या. “वापरलं ते देते. व्याज दुष्काळाला मागा.”

शेटजींचं हसू मावळलं. “असं होत नाही बाई. सही करा, नाहीतर पैसे उचला.”

अण्णांनी तोवर आपलं पान निवांत चघळून संपवलं होतं. ते म्हणाले, “शेटजी, मी उदगीरच्या दुकानातला पोरगा. पाडव्याला गादीवर आलेली लक्ष्मी परत केलेली मी तरी कधी बघितली न्हाई. तुमच्या नांदेडला चालत असंल तर करा.”

दुकानात दहा-बारा गिऱ्हाइकं होती. सगळी गादीकडे पाहू लागली. शेटजींनी नोटांकडे पाहिलं, भिंतीवरच्या लक्ष्मीच्या तसबिरीकडे पाहिलं. पाडव्याच्या दिवशी आलेला पैसा दारातून परत पाठवला तर वर्ष कोरडं जातं, हे त्या बाजारातला प्रत्येक जण मानत होता, आणि शेटजी तर सगळ्यांहून जास्त. त्यांनी नोटा उचलल्या. कपाळाला लावल्या.

“आता पावती,” अण्णा म्हणाले. “आणि सही तुमची. घेणारा सही करतो, देणारा न्हाई.”

पावती मिळाली. ‘हिशोब पुरा’ हे शब्द लिहायला मात्र शेटजींनी साफ नकार दिला. बाहेर आल्यावर मी आनंदात होते. अण्णा नव्हते. “पैसे द्यायला नको होते असं मी म्हणणार न्हाई,” ते सुगंधाबाईंना म्हणाले, “ते तुमचं तुम्ही ठरवलं, बरं झालं. पण माणूस दुखावलाय. मुदत त्याच्या दाव्याला हाय, तोंडाला न्हाई.”

तसंच झालं. दिवाळीनंतर सुगंधाबाईंच्या साहेबांकडे पत्र गेलं: आपल्या कार्यालयातील कर्मचारी देणं बुडवतात, पावतीपुरतं भरून उरलेलं नाकारतात. साहेब वाईट नव्हते. भित्रे होते. त्यांनी कायम करण्याचा कागद बाजूला ठेवला. ‘चौकशी होईपर्यंत’, असा शेरा मारला. चौकशी कुणी करायची, हे कुठेच लिहिलं नव्हतं.

त्यानंतरचा काळ कसा सांगावा? त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि तेच त्याचं दुःख होतं. अण्णा कोर्ट सुटलं की त्या कार्यालयात जात, व्हरांड्यातल्या बाकावर बसत, साहेब भेटले तर भेटत, नाहीतर परत येत. साहेब बदलले. नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. सुगंधाबाई त्याच व्हरांड्यात चहाचे कप घेऊन ये-जा करत असत. अण्णांच्या पुढ्यात कप ठेवताना एकदा म्हणाल्या, “साहेब, सही केली असती तर आजवर फिटलं बी असतं.” अण्णा म्हणाले, “फिटलं असतं. मग दुसऱ्या बाईला बोलावणं गेलं असतं.” दोघंही थकल्या आवाजात बोलत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की न्याय ही बहुधा फार वेळ बाकावर बसून राहण्याची गोष्ट असावी.

याच काळात नांदेडला माझी आई अंथरुणाला खिळली. मी आठवड्यातून तीनदा एसटीने जाऊ-येऊ लागले. कामं राहू लागली. अण्णांनी मला काही विचारलं नाही. माझ्या तारखा त्यांनी गुपचूप आपल्या तारखांत मिसळून घेतल्या. एकदा न्यायाधीशांनी विचारलं, “बाई दिसत नाहीत?” अण्णा म्हणाले, “त्या कामावरच आहेत साहेब, मोठ्या कामावर.” आई गेल्यानंतर मी परतले तेव्हा माझ्या टेबलावरच्या सगळ्या फायली पुढे सरकलेल्या होत्या. एकाही पक्षकाराला मी नव्हते हे कळलेलं नव्हतं. अण्णांच्या पत्नी, आमच्या कमलवहिनी, महिनाभर दुपारी माझ्यासाठी ज्वारीची भाकरी पाठवत राहिल्या. शेंगदाण्याच्या चटणीत तिखट कमी असायचं. नांदेडकरणीला सोसणार नाही, असा त्यांचा पक्का समज होता, आणि मी तो कधी मोडला नाही.

अखेर चूक केली ती शेटजींनीच. कंटाळून किंवा हट्टाने त्यांनी सुगंधाबाईंवर दावा लावला. समन्स आलं त्या दिवशी सुगंधाबाई रडल्या. अण्णा मात्र बऱ्याच महिन्यांनी हसले. “आता कुठं त्यांनी तोंड सोडून कागद उचलला,” ते म्हणाले. “कागदाला मुदत लागते.” दावा उभा राहिला आणि पहिल्याच सुनावणीत पडला. न्यायाधीशांनी वादीच्या वकिलांना विचारलं, “देणं उद्भवलं कधी?” वकिलांनी खरं उत्तर दिलं. पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. अण्णा उभेसुद्धा राहिले नव्हते.

त्या निकालाची नक्कल घेऊन ते दुपारीच कार्यालयात गेले. साहेबांनी ती दोनदा वाचली. ‘देणं बुडवलं’ या शब्दाला आता उत्तर म्हणून शिक्क्याचा कागद होता. सुगंधाबाई कायम झाल्या तोवर मुलीची शाळा संपून नर्सिंगची वर्षंही सुरू झाली होती. मधल्या वर्षांची पगारवाढ गेली, ती गेलीच. अण्णांनी ती मागण्यासाठी अर्ज करू का, असं विचारलं. सुगंधाबाई म्हणाल्या, “नको साहेब. त्याचीबी मुदत संपली समजा.”

अण्णांनी या कामाची फी घेतली नाही. अशा कोणत्याच कामाची घेतली नाही. “देणं मुदतीबाहेर, तर फी बी मुदतीबाहेर,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कमलवहिनींना त्याचं हसू कधी आलं नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. घर त्यांना चालवावं लागे.

पुढे काळ बदलला. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात अण्णांच्या दारात पुन्हा रांग लागली. आता गादी नाही, पान नाही. मोबाइलवर कर्ज, मोबाइलवर तगादा आणि कुणाकडून तरी विकत घेतलेल्या जुन्या बाक्या. क्लासच्या फीसाठी, फ्रिजसाठी, टँकरसाठी घेतलेलं केव्हाचं तरी देणं. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणते, “सर, फक्त एकदा कन्फर्म करा.” लोक कन्फर्म करतात आणि मग अण्णांकडे येतात. अण्णांना आता नीट ऐकू येत नाही. गुडघे दुखतात. मी शेजारी बसून पक्षकाराचं म्हणणं त्यांच्या कानाशी सांगते. तीच कहाणी, नुसती माणसं वेगळी. गेल्या वर्षी एका संध्याकाळी शेवटचा माणूस गेल्यावर ते चष्मा काढून म्हणाले, “बाई, थकलो आता.” त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. दुसऱ्यांच्या थकव्याची आयुष्यभर बाजू मांडणाऱ्या माणसाने आपलाही थकवा कधीतरी मान्य करायला हवा होता.

या ग्रंथासाठी लिहिते आहे हे मी सुगंधाबाईंना फोनवर कळवलं. त्या निवृत्त होऊन मुलीकडे राहतात. मुलगी सरकारी दवाखान्यात मुख्य परिचारिका आहे. ‘अण्णांसाठी काही शब्द सांगा’ म्हणाले.

“लिहा की,” त्या म्हणाल्या, “मी कायम झाले ते त्यांच्यामुळं. पगार तर आलाच. पण मला पुन्हा कुणी बुडवी म्हणलं न्हाई, ते मोठं. आता त्यांना म्हणावं, आमचं कुणाचं काही मागणं न्हाई. दुपारचं झोपत जा.”

त्याहून चांगली शुभेच्छा मला सुचत नाही. आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं अण्णांकडे मागितलं: वेळ, शब्द, बाकावर आमच्या शेजारी बसणं. ती सगळी मागणी आता थांबावी. अण्णांना निरोगी शरीर लाभो, गुडघ्यांना आराम पडो, कमलवहिनींच्या हातची भाकरी त्यांना अनेक वर्षं गोड लागो, आणि शंभरी गाठेपर्यंतच्या त्यांच्या सगळ्या दुपारी, दारावर कुणाचीही थाप न पडता, त्यांच्या स्वतःच्या असोत.